हळू बोला, बाबा

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा मी गिरगावात वाद्यांच्या दुकानात कामाला होते. परळच्या आमच्या खोलीत पगार आणणारी मी एकटीच. बाबा मिलमध्ये विणकर होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे कान अधू झालेले आणि आवाज कायमचा चढलेला. संपामुळे घरी बसले तरी बोलायचे मात्र मिलमध्ये उभे असल्यासारखेच. त्यांनी नुसतं मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरची मावशी विचारायची, "भांडाण झाला काय गे?"

एक दिवस दुकानात भायखळ्याचा एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलगा आला. माझ्याच वयाचा, कचेरीत टायपिस्ट. त्याला गिटारची एकच तार हवी होती.

"सुटी मिळत नाही. पूर्ण सेट घ्यावा लागेल," मी म्हटलं.

"बाकीच्या धड आहेत ना. त्यांना घरी बसवू काय?"

मला हसू आलं. एका फुटलेल्या सेटमधली तार खणात पडून होती, ती मालकांना विचारून दिली. त्यानं ती तिथंच खांद्यावरच्या गिटारला बसवली आणि वाजवून बघायला लागला. माझी बोटं आपोआप काउंटरवर पडायला लागली. चाळीच्या भजनात ढोलकी वाजवायचे, तेवढंच माझं शिक्षण. तो मध्येच लय बदलून मला चकवू बघत होता, पण मी काही चकले नाही.

"हे काय वाजवतोस?" मी विचारलं.

"ब्लूज. माझा मामा बोटीवर होता, त्यानं रेकॉर्डी आणल्या."

"म्हणजे काय?"

त्यानं जरा विचार केला. "दुःखाचंच गाणं, पण गळा काढायचा नाही. घरातलं रेशन संपलं की शेजारणीला सांगतो ना, तसं म्हणायचं."

"मग ते आमच्या चाळीत सगळ्यांनाच येतं."

अशी आमची वाजवणाऱ्यांची जोडी जमली. तिसरा माणूस परवडणारा नव्हता आणि कुणी यायला तयारही नव्हतं. लग्नाच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेला मोठा ड्रम मालकांनी मला फुकट दिला. त्याचं कातडं मी दुकानातच सांधलं. टेबलफॅनच्या मोडक्या स्टँडवर झांज अडकवली. पायानं ड्रम वाजवायचं पेडल मात्र कुठून आणायचं? मी फळी आणि बिजागरी जोडून एक केलं. ते करकरायचं, आणि पाय उचलला तरी त्याचा दांडा खालीच राहायचा.

बाबांना हे सगळंच पसंत नव्हतं, त्यातून परक्या मुलाबरोबर वाजवणं तर नाहीच. "पोरीच्या जातीन ढोल बडवूचो? आनि तो पण परक्या झिलाबरोबर?" आई चाळीत कोण काय म्हणतंय ते रोज जेवताना सांगायची.

एका दुपारी घरी आले तर बाबा जमिनीवर बसून माझं पेडल सुटं करत होते. मी ते ओढून घ्यायला धावले.

"ह्या खाली जाता," ते ओरडले, म्हणजे त्यांच्या परीनं साधंच बोलले, "पन वर येवक नाय. स्प्रिंग खंय आसा ह्येका?"

मग ते चोरबाजारात जाऊन स्प्रिंग घेऊन आले, चामड्याचा पट्टा कापला, दांड्याला खाच पाडली. संप लागल्यापासून त्यांचे हात असे चाललेले मी पाहिले नव्हते. जोडून झाल्यावर म्हणाले, "वाजय." मी वाजवलं. त्यांनी ड्रमवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. नंतर त्यांनी त्या परक्या झिलाचं नाव काढलं नाही.

सराव भायखळ्यात, त्याच्या घरच्या ओसरीवर, रविवारी दुपारी. तो इंग्रजीत गाणी लिहायचा. दादरच्या एका कॉलेजात आम्ही ती म्हटली तेव्हा मुलांनी हुर्यो उडवली. परत येताना मी म्हटलं, "आपण मराठीत का नाही म्हणत?"

"मराठीत काय म्हणणार?"

मी घरातलंच सांगितलं, बाबा कसे बोलतात ते. दोन रविवारांत गाणं झालं: हळू बोला, बाबा, साचे बंद झाले.

चाळीच्या सत्यनारायणाला संध्याकाळी आम्हाला बोलावलं. बाबा पुढच्याच ओळीत बसले. तो गात होता, मी मागून साथ देत होते. दुसऱ्या कडव्याला बाबा शेजारच्या काकांकडे वळले आणि साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय म्हणतत रे ती?"

काकांनी त्यांच्या कानात ओरडून ती ओळ सांगितली. लोक वळून बाबांकडे बघायला लागले. समोर बसलेले बहुतेक सगळे गिरणीतले, कितीतरी जणांचे कान तसेच. माझ्या हातातल्या काठ्या थांबल्या.

बाबा उठून उभे राहिले. "मगे तू जोरात म्हण!" ते माझ्याकडे बघून गरजले. "माका कसा ऐकाक येतला?"

पटांगण खो खो हसलं. मग मी असा ड्रम वाजवला की झांज स्टँडवरून निसटली. बायका गायल्या, काका गायले. शेवटी ती ओळ सगळी चाळच म्हणत होती, आणि बाबा सगळ्यांच्या वर.

बाबा मिलमध्ये परत गेले नाहीत. वरळीला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम मिळालं, पगार कमी, पण रोज डबा घेऊन निघायचे. आमच्या दोघांची लग्नं वेगवेगळ्या घरांत झाली, रविवार मात्र सुटला नाही. भायखळ्याच्या चर्चच्या हॉलमध्ये भिंतींना चाळीतल्या गाद्या टेकवून, उसन्या टेपरेकॉर्डरवर आम्ही कॅसेट केली. प्रती काढल्या आणि हातोहात वाटल्या.

काही महिन्यांनी लालबागच्या नाक्यावर उसाचा रस प्यायला थांबलो, तर रसवाल्याच्या टेपवर आमचंच गाणं चाललेलं. तो आम्हाला ओळखत नव्हता. आम्ही नुसते ग्लास धरून उभे राहिलो. गाणं संपलं, कॅसेटची ती बाजू संपली. रसवाल्यानं चरक थांबवला, हात फडक्याला पुसले आणि कॅसेट उलटून लावली.