दळण टाकून घरी न जाणाऱ्या प्रमिलाताई

आमच्या रक्तदाता मंडळाच्या अध्यक्षा प्रमिलाताई यांना साठ वर्षं पूर्ण होत असताना त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला. पण ताईंची थोरवी सांगायची तर आधी क्लाउड म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि ते मला आजही नीट कळलेलं नाही. आली का पंचाईत!

ताईंना मी प्रथम भेटलो भाईंदर पूर्वेला, मंडळाच्या खोलीत. निवृत्त परिचारिका असलेल्या ताई रक्तदात्यांची यादी एका बोटाने कॉम्प्युटरवर टाइप करत होत्या. मला कॉम्प्युटर येतो म्हटल्यावर त्यांनी मला चिटणीसच करून टाकलं. माझी चूक सापडली तरी त्या कधी रागावल्या नाहीत. ‘पुन्हा बघा हं,’ एवढंच म्हणायच्या.

पुढे तो कॉम्प्युटर सारखा बंद पडू लागला, म्हणून यादी क्लाउडवर ठेवायचं ठरलं. नियमाप्रमाणे मी तीन कोटेशनं मागवली. पहिली कंपनी म्हणाली, क्लाउड म्हणजे आमची मशीन तुमच्या खोलीत. दुसरी म्हणाली, तुमची मशीन आमच्या इमारतीत. तिसरीचे साहेब हसून म्हणाले, ‘सर, मशीन को भूल जाइए.’ तिघांच्याही चित्रात मधोमध ढग आणि ढगात स्वतःच्याच कंपनीचं नाव! तुलनात्मक तक्ता करायला बसलो, तर कुठल्या रकान्यात काय लिहावं तेच कळेना.

ताईंनी तिघांनाही एकच विचारलं, ‘आमची यादी आम्हाला परत हवी झाली तर?’

दोघे माहितीपत्रकं चाळू लागले. तिसरे म्हणाले, ‘मॅडम, परत कशाला पाहिजे?’

‘अहो, गिरणीत दळण टाकून आम्ही घरी जात नाही. डबा भरेपर्यंत तिथेच उभ्या राहतो.’

शेवटी तिसऱ्यांनाच काम दिलं, पण दर शनिवारी यादीची प्रत मिळेल असं ताईंनी करारात लिहून घेतलं. मग दर शनिवारी ती प्रत उतरवून घ्यायला त्या कोरी सीडी घेऊन माझ्या दारात हजर. ‘झाली का?’ मी मनातल्या मनात चरफडायचो. इतका अविश्वास बरा नव्हे, असं मला वाटायचं.

वर्षभरात कंपनीचं पत्र आलं. आता आम्ही क्लाउडवाले नाही, बिग डेटावाले आहोत, लहान ग्राहकांची सेवा आजपासून बंद. मी ते तीनदा वाचलं. साहेब तेच, ढग तोच, मग बदललं काय? यादी मात्र उघडेना. आणि त्याच दिवशी माझी पत्नी बाळंतपणात अडली. ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवं होतं, आणि मला एकाही दात्याचं नाव आठवत नव्हतं.

ताईंनी पिशवीतून शनिवारची सीडी काढली.

भाईंदरजवळच्याच डोंगरी गावातून यादीतले एक गृहस्थ रिक्षाने रक्तपेढीत आले. मी हात जोडले तर म्हणाले, ‘अरं, मी हाय ना, रडतो कशाला?’ मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या.

नंतर ती यादी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तीत माझं, चिटणिसाचंच नाव नव्हतं! ताईंना ते ठाऊक असणारच, पण त्यांनी एका शब्दाने टोकलं नव्हतं. लाज वाटली मला. फॉर्म भरून दिला, तर त्यांनी चष्मा लावून तो तपासला आणि म्हणाल्या, ‘फोन नंबर पुन्हा बघा हं.’

ताई, परवा नवी तीन कोटेशनं आली आहेत. ढग बदललेत आणि मी पुन्हा गोंधळलोय. आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. इतके शनिवार लाभोत, की एके दिवशी आपण दारातून ‘झाली का?’ विचारावं आणि आमच्या लेकीने आतून ओरडून सांगावं, ‘झाली, आजी!’