आबांच्या मैदानात फ्रान्स आणि अमेरिका

जगातले यच्चयावत तंटे एक दिवस मिटतील, बांधाबांधाचे मिटतील, भावाभावांचे मिटतील, पण फ्रान्स भारी की अमेरिका हा तंटा माझे सासरे काही केल्या मिटू देणार नाहीत. गंमत म्हणजे त्या दोन देशांना या तंट्याचा पत्ताच नाही. तो चालतो पाटणच्या अलीकडच्या एका गावात, आबांच्या ओसरीवर, आणि त्यात दोन्ही बाजूंचे वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश सगळे एकटे आबाच. मी सांगलीचा, हळदीच्या पेठेत दुकान चालवणारा माणूस. परदेश म्हणजे माझ्या लेखी बेळगावच्या पलीकडचं सगळं. पण आबांचा जावई असल्यामुळं मला फ्रान्समधल्या पावाची लांबी आणि टेक्सासमधल्या फ्रीजची खोली तोंडपाठ आहे. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला फोन वाजतो, आणि घरी असलो तर ही लांबूनच म्हणते, "घ्या, तुमच्या सासऱ्यांना काहीतरी आठवलंय." वडील तिचे, पण असल्या वेळी ते फक्त माझे सासरे असतात.

आबा मूळचे पैलवान. तरुणपणी मैदानं गाजवली, मग गावच्या तालमीत वस्ताद झाले, आणि म्हातारपणी जत्रेच्या कुस्त्यांचे पंच. त्यांची दोन मुलं, म्हणजे माझे मेहुणे, शिकून लांब गेली. थोरला टेक्सासला, धाकटा फ्रान्समध्ये लिओनला. सासूबाई गेल्या आणि दोघांनी एकदमच हट्ट धरला, की आबा, आता एकटं राहायचं नाही, कायमचं आमच्याकडं या. दोघांचंही खरंच मनापासून होतं. आबांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. पैलवानाच्या थाटात म्हणाले, "दोन्ही गडी खेळवून बघतो, मग निकाल देतो." त्याप्रमाणं ते आधी थोरल्याकडं राहून आले, मग धाकट्याकडं राहून आले, आणि परत आल्यापासून आमच्या सगळ्यांच्या कानांना विश्रांती म्हणून राहिली नाही.

सुरुवात नमस्कारापासून. "आवं जावईबापू, अमेरिकेतला माणूस लय मायाळू दिसतो बगा. लांबनं दिसला की 'हाऊ आर यू' म्हनतो. पण उत्तर ऐकाय थांबत न्हाई!" हे आबांना कळायला जरा वेळ लागला. थोरल्याच्या शेजाऱ्यानं पहिल्याच सकाळी विचारलं, तसे आबा बिचारे प्रामाणिकपणे सांगायला लागले. उजवा गुडघा कधी निखळला, कुठल्या मैदानात निखळला, समोर कोण होता. शेजारी गाडीची किल्ली हातात धरून निम्म्या कुस्तीपर्यंत उभा राहिला, तेवढ्यात थोरल्यानं येऊन त्याला सोडवला. फ्रान्समध्ये त्याच्या उलट. तिथं पहिल्या भेटीत कुणी हसतसुद्धा नाही, पण ओळख झाली की गालाला गाल लावून रामराम करतात, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. हे धाकट्यानं आबांना सांगायचं राहून गेलं. धाकट्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई मोठ्या प्रेमानं मान पुढं करून आल्या. आता पैलवानाच्या अंगावर कुणी मान पुढं करून आलं की त्याचा हात आपोआप कुठं जातो? आबांचा उजवा पंजा थेट बाईंच्या मानेवर, डावा पाय मागं, आणि कुस्तीच्या सुरुवातीचा खडाखडीचा पवित्रा तयार! सुनेनं किंकाळी फोडली. पण बाई भल्या. त्यांना वाटलं, हिंदुस्थानात असंच भेटत असतील. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात आबा दिसले की त्याच स्वतःहून आबांच्या मानेवर हात टाकायच्या. "पकड चांगली हुती म्हातारीची," असं आबा अजून कौतुकानं सांगतात.

जेवणाचा विषय निघाला की आबा पाटावरनं उठून उभे राहतात. अमेरिकेत एका माणसाच्या ताटात आख्ख्या तालमीला पुरेल एवढं येतं, आणि पेला मागवला तर आत नुसता बर्फ. "पानी हुडकावं लागतं वो!" दुसरा घास तोंडात असतानाच वाढपी येऊन विचारतो, सगळं ठीक आहे ना? फ्रान्समध्ये ताट परातीएवढं, मधोमध कांदाभज्याएवढा पदार्थ, आणि कडेनं कालवणाची रांगोळी. वाढप्याला हाक मारली तर तो असा बघतो, की आपणच त्याच्या घरी न सांगता जेवायला आलोय. पण दुपारचं जेवण म्हणजे जेवण. गप्पा मारत, सावकाश, दुकानाला कुलूप लावून. इथं आबा फ्रान्सला एक गुण देतात. लगेच त्यांना टेक्सासची आठवण येते, जिथं माणूस गाडीतनं न उतरता खिडकीतनं जेवण घेतो आणि गाडी चालवत खातो, आणि तो गुण काढून घेतात, कारण "उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला ही सोय पायजे का नगं, तुमीच सांगा." फ्रान्समधला हातभर लांब पाव लोक कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळून काखेत मारून नेतात आणि वाटेतच शेंडा मोडून खातात, यावर तर त्यांचं अजून मत ठरलेलं नाही. "आमी काखंत भाकरी घालून आलो असतो, तर तुमच्या सासूबाईनं तालमीतच झोपाय लावलं असतं," एवढंच ते म्हणतात.

सिनेमाचं सांगताना मात्र मला दुकानाचं शटर खाली ओढावं लागतं, कारण आबा फोनवर ओरडतात. अमेरिकन सिनेमात दर घटकेला एक इमारत पडते आणि शेवटी गाव वाचतं, त्यामुळं माणूस निर्धास्त झोपतो. फ्रेंच सिनेमात नवराबायको टेबलाशी बसून बोलतात, बोलतात, मग ती उठून खिडकीशी जाते आणि सिनेमा संपतो. "सून लागली रडाय. मी म्हनलं, पोरी, काय झालं ते मला बी सांग, मी बी रडतो की!" खेळांचंही तेच. अमेरिकेतल्या फुटबॉलात पाय कमी आणि धडका फार. धडक झाली की खेळ थांबतो आणि सगळे डोकी एकत्र करून ग्रामसभा घेतात. पण खेळाआधी मैदानाबाहेर गाड्या लावून लोक चूल मांडतात, मटण भाजतात, अनोळखी माणसाला हाताला धरून जेवायला बसवतात. हे बघून आबांचा ऊर भरून आला, कारण आपली जत्रा याहून वेगळी काय असते? तर तिकडं फ्रान्समध्ये सायकलींची शर्यत बघायला आख्खं गाव सकाळपासून रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतं, दुपारी सायकली सर्रकन जातात, आणि लोक खूश होऊन खुर्च्या घडी करतात. आबा म्हणाले, ही तर आपली बैलगाड्याची शर्यत. पुन्हा एकेक गुण, पुन्हा बरोबरी.

बरं, नुसतं बोलून भागलं असतं तर सोसलं असतं. आबांनी दोन्हीकडच्या सवयी सामानातनं गावाला आणल्या. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी नमस्कार केल्याशिवाय कुणी काही विकत नाही, हे त्यांना फार पटलं. एकदा मी त्यांना सांगलीला आणत होतो. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडीत बसलो, कंडक्टर म्हणाला, "बोला, कुठलं देऊ?" आबा म्हणाले, "आदी राम राम." कंडक्टर म्हणाला, "आवं, गाडी भरलीया." आबा म्हणाले, "गाडी भरलीया म्हनून मानूस आटला का?" मी खिडकीकडं तोंड केलं. अखेर कंडक्टरनं हात जोडून राम राम केला, मागच्या सीटवरच्या बायकांनी केला, आणि पेठनाक्यापर्यंत जो चढेल तो हसत राम राम करतच चढू लागला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीच्या एस.टी.सारखी एस.टी. मला परत मिळाली नाही.

अमेरिकेची सवय मात्र अंगाशी आली. तिकडं लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात. आबांनी एका रविवारी तसंच केलं. तालमीत फिरवायची जुनी मुदगलं, मोडकी आरामखुर्ची, थोरल्याची शाळेतली पेटी, धाकट्याची तीनचाकी, असं सगळं अंगणात मांडून खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत विकत घ्यायला एक माणूस आला नाही. पण दारात गर्दी ही! वस्ती लोटली, बायका पदर डोळ्याला लावून उभ्या, तालमीतली पोरं खाली मान घालून. शेजारच्या काकूंनी हुंदका देत विचारलं, "आबा, निघाला व्हय वो कायमचं?" आपल्याकडं सामान अंगणात कधी निघतं? माणूस घर सोडतो तेव्हा. आबांनी एकदा सगळ्यांकडं बघितलं, मग तीनचाकी उचलली आणि आत नेऊन ठेवली. बाकीचं पोरांनी आत नेलं. संध्याकाळी मला फोन आला. फ्रान्स नाही, अमेरिका नाही. नुसतंच म्हणाले, "जावईबापू, पोरास्नी न्हाई कसं म्हनायचं वो? येक म्हनतो माझ्याकडं या, दुसरा म्हनतो माझ्याकडं. येकाकडं गेलो तर दुसऱ्याचं काळीज तुटंल. आन् इथनं उठलो तर माजं." मी म्हटलं, आबा, जेवलात का?

त्या वर्षी जत्रेला दोन्ही मेहुणे बायकामुलांसह आले, निकाल घ्यायचा म्हणूनच आले. कुस्त्या संपल्या, फड पांगायला लागला, आणि थोरल्यानं विषय काढला, "आबा, आता सांगा. तिकीट काढायचंय." आबांनी फेटा नीट केला आणि दोघांना आखाड्यात बोलावलं. पँटीतले दोन साहेब तांबड्या मातीत अनवाणी उभे राहिले. आबांनी खड्या आवाजात गुण वाचायला सुरुवात केली. थोरल्याकडं मोकळेपणा, धाकट्याकडं निवांतपणा. थोरल्याकडं 'हाऊ आर यू', धाकट्याकडं गाल. तिकडं बर्फ, इकडं रांगोळी. पांगलेली माणसं परत जमली. थोरल्याची पोरं इंग्रजीत ओरडत होती, धाकट्याची फ्रेंचमध्ये, आणि एकमेकांचं अक्षर कळत नसताना गळ्यात गळे घालून ओरडत होती. शेवटी आबांनी एका हातात थोरल्याचं मनगट धरलं, दुसऱ्यात धाकट्याचं, आणि दोन्ही हात एकदम वर केले. "बरोबरीत सुटली!"

धाकटा गोंधळून म्हणाला, "म्हणजे काय, आबा?" तालमीतली पोरं हसायला लागली. आमच्या आबांच्या गावचा रिवाजच आहे, बरोबरीत सुटलेली जोडी पुढच्या जत्रेला त्याच मैदानात परत लावायची. दोघांनीही यायचं. न येणारा हरला! थोरल्याला ते आठवलं तसा तो आधी हसला आणि मग आखाड्यातच आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी फडाच्या कडेला उभा होतो, आणि आपल्या सासऱ्यांचा एवढा अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

तेव्हापासून दरवर्षी जत्रेला कुस्ती लागते आणि दरवर्षी बरोबरीत सुटते. यंदा आबा जरा थकलेत. मैदानात उभे राहिले तेव्हा मी मागनं कमरेला हात दिला होता. गुण वाचताना म्हणाले, अमेरिकेत लोक काखेत पाव मारून हिंडतात, आणि फ्रान्समध्ये पेल्यात नुसता बर्फ. ती शेजारची म्हातारीही त्यांनी टेक्सासला नेऊन ठेवली. दोघा मेहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. कुणीच दुरुस्त केलं नाही. मग आबा मध्येच थांबले, आणि मला वाटलं आता पुढचं विसरले. तेवढ्यात थोरल्यानं वाकून त्यांचा एक हात धरला, धाकट्यानं दुसरा, आणि दोघांनी मिळून आबांचे दोन्ही हात वर केले.

"बरोबरीत, आबा," थोरला म्हणाला. "पुढच्या जत्रंला परत."