चिडलेलं आतडं

"आत्ताच तर जाऊन आलीस. घरी संडास नाही म्हणून सगळं इथेच उरकतेस काय गं?"

सुपरवायझर मोठ्यानं बोलला. मुलुंडचा औषधांचा कारखाना, पॅकिंग खातं, तीस बायका. काही हसल्या. काहींनी मान खाली घातली. मी हात पुढे करून उभी. संडासला जायचा पितळी बिल्ला त्याच्या खिशात. एकच. तो घेतल्याशिवाय बाहेर जायचं नाही, असा नियम.

त्यानं बिल्ला दिला नाही. कळ आली. साडी खराब झाली.

मी रडले नाही. काही वाटलंच नाही. नळाखाली साडी धुतली, ओलीच नेसले, येऊन पुन्हा खोकी भरायला लागले. शेजारच्या कमलनं आपलं स्टूल जरा लांब सरकवलं.

वर्षभर हेच चाललेलं. मुरडा, जुलाब, मग चार दिवस काहीच नाही. गिरण्यांच्या संपात नवऱ्याचं काम गेलं, तेव्हापासून घर माझ्यावर. कंपनीचा डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हा लोकांना कामाचाच कंटाळा."

तुम्हा लोकांना. आम्ही बौद्ध. आडनाव त्यानं वाचलं होतं.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, बरंच काही विचारलं. म्हणाले, "इरिटेबल बॉवेल. आतड्याला जखम नाही, पण ते चिडतं. तुमचं दुखणं खरं आहे." आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली.

नवरा म्हणाला, "येड्यांच्या डॉक्टरकडे जाणार? वस्तीत काय सांगू?"

"पोटाच्या डॉक्टरकडे गेली म्हणून सांग."

तिथल्या मॅडम माझ्याहून लहान होत्या. दर गुरुवारी, माझ्या सुट्टीला, जायचं. पहिले दोन गुरुवार मी गप्प बसले. त्यांनी घाई केली नाही. मग एक वही दिली. कळ कधी येते, तेव्हा समोर कोण असतं, ते लिहायचं. पोटातून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. महिनाभरानं दोघींनी वही वाचली. सुपरवायझर रजेवर होता तो आठवडा कोरा होता.

"बिल्ला मागताना काय म्हणता?" मॅडमनी विचारलं.

"साहेब, जाऊ का?"

"दुसरं काय म्हणता येईल?"

मी वही मिटली. मग म्हटलं, "जाऊन येते."

"पुन्हा म्हणा."

दहा वेळा म्हणवून घेतलं. आवाज माझा वाटत नव्हता.

पुढच्या सोमवारी मी स्टुलावरून उठले. "जाऊन येते."

"विचारलंस?" सुपरवायझर ओरडला.

"नाही. सांगितलं."

गेले. आले. कामाला बसले.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. रुग्णालयाचा कागद मी कंपनीच्या दवाखान्यात दाखवला होता. तो आता त्याच्या टेबलावर होता. मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "तू मनाचे उपचार घेतेस ना? मग एवढं लिहून दे. डोकं ठिकाणावर नव्हतं, माफ करा. प्रकरण मिटेल."

कागद टाइप करून तयार होता. वर पेन ठेवलेलं.

पोटात कळ उठली. मी श्वास घेतला, सोडला. म्हटलं, "उपचार घेते. पण डोकं ठिकाणावर होतं. म्हणूनच उठले."

"नोकरी जाईल."

"मग तसंच टाइप करा. संडासला गेली म्हणून काढली. त्याच्यावर सही करते मी."

तो कागद कुणी टाइप केला नाही. आठवडाभर घरी बसवलं, मग परत घेतलं. माफी कुणी मागितली नाही. कमलनंही नाही. पोट अजून दुखतं, पूर्वीपेक्षा कमी. गुरुवार चालू आहेत, आणि कुठे जाते ते मी आता वस्तीत खरं सांगते.

मॅडम विचारतात, राग येतो का. अजून येत नाही. आत सगळं बधिर आहे. येईल तेव्हा येईल. त्याची वाट बघत मी थांबणार नाही. राग नसतानाही 'नाही' म्हणणार. दर वेळी म्हणणार.