गल्ल्यामागचा सर्व्हर

नकार देण्याआधी वहिनी आभार मानायच्या. केजला माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे दादांच्या, हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे वहिनींचा जुना लॅपटॉप उघडा असायचा. गिऱ्हाइकाला नळाची तोटी काढून द्यायची आणि लगेच कुण्या परदेशी प्रोग्रामरला लिहायचं, ‘कष्ट घेतलेत, आभार. पण हे घेता येणार नाही.’

वहिनी एका खेळाचा सर्व्हर सांभाळायच्या. जगभरची माणसं इंटरनेटवरून एकाच मुलखात जमतात, खणतात, घरं बांधतात. त्या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारा तो प्रोग्राम. त्याचा कोड सर्वांना खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी, वहिनींनी तपासून घ्यावी किंवा परत करावी. पगार छदामही नाही. लग्नाआधी झालेल्या कंप्युटरच्या डिप्लोमावर बाकीचं त्या लॉकडाउनमध्ये, दुकान बंद असताना शिकल्या होत्या.

तो कोड रस्ट नावाच्या भाषेत होता. दादांनी एकदा अर्थ विचारला.

“गंज,” वहिनी म्हणाल्या.

“हार्डवेअरच्या दुकानात बसून गंजाचं नाव काढती व्हय?” दादा खरोखरच धास्तावले. कंप्युटरवर तिचं कायतरी चालतं, यापलीकडे त्यांना माहिती नव्हती.

मीही प्रोग्रामिंग शिकलेलो. माझीही एक दुरुस्ती त्यांनी परत केली. खूप खेळाडू आले की सर्व्हर बंद पडायचा. एकच माहिती दोन ठिकाणांहून एकाच वेळी बदलू द्यायची नाही, हा रस्टचा कडक नियम. भाषा तो स्वतःच तपासते, पण काही ओळींपुरती ती तपासणी बंद ठेवता येते. मी तेच केलं. सर्व्हर पळायला लागला. मी खुशीत नेकनूरहून जीपनं केजला गेलो.

“लई मेहनत घेतली भाऊजी. पण न्हाई घेणार.”

“कावून? चालतंय की!”

“चालतंय ओ. पण तुमी लिहिलंय, इथं तपासू नका. मग कुणी तपासायचं?”

मी रागावून चहा न घेता निघालो. चार दिवसांनी त्यांनी तेच काम नियम न मोडता केलं आणि खाली माझंही नाव लिहिलं.

ब्राझीलच्या एका बाईंनी त्या खेळात महिनाभर खपून बांधलेलं घर वहिनींच्याच चुकीनं पुसलं गेलं. कुणाच्या लक्षात यायच्या आत वहिनींनी कळवलं, ‘चूक माझी आहे.’ मग गिऱ्हाइकं सांभाळत दोन दिवस जुन्या प्रती धुंडाळून ते घर जसंच्या तसं परत उभं केलं.

गेल्या वर्षी त्यांना कावीळ झाली. बीडच्या दवाखान्यात आठ दिवस होत्या. घरी परत आल्याच नाहीत.

दादांनी पंधरा दिवसांनी दुकान उघडलं, मला बोलावलं आणि लॅपटॉप समोर ठेवला. “ती रोज कुणाशी बोलायची? वाचून दाखव.”

दुपारभर मी एकेक मजकूर मराठीत सांगत गेलो. शेवटचे सगळे ‘तब्येत बरी आहे ना?’ असं विचारणारे होते.

“ह्या मानसांना कळवलंच न्हाई का रं कुणी?” दादा म्हणाले. “लिही. तुमच्या बाई गेल्या. दवाखान्यातबी तुमचं काम राहिलंय म्हनत होती.”

मी ते इंग्रजीत पाठवलं. उत्तरं येत राहिली. त्या ब्राझीलच्या बाईंनी लिहिलं, ‘आम्हाला त्यांचं टोपणनावच ठाऊक होतं. खरं नाव काय? नीट उच्चारता यावं म्हणून आवाजात पाठवाल का?’

मी ते दादांना सांगितलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. सतरा वर्षांच्या संसारात दादांनी बायकोला चारचौघांत नावानं कधी हाक मारली नव्हती. “अगं”, “ऐकलं का”, एवढंच. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती. दादांनी त्यांना हातानं थांबवलं, घसा खाकरला.

“सुनंदा.”

मग माझा हात धरून म्हणाले, “थांब, पाठवू नको. बारीक आला आवाज.” आणि फोन तोंडाजवळ ओढून, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, “सुनंदा.”