न मोजलेले चेंडू

चेंडू टाकण्याआधी तो वाकून चिमूटभर काळी माती उचलायचा, बोटांवर चोळायचा आणि खांद्यावरून आमच्याकडे बघायचा. हात दुखतोय का, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "हाय की अजून." म्हणजे हातात अजून जोर आहे. इतक्यांदा ऐकलं, की ते मला त्याचं आडनावच वाटायला लागलं होतं.

तुमच्यापैकी बहुतेकांनी बेसबॉल टीव्हीवर, तोही चॅनल बदलताना, पाहिला असेल. आमच्या सोलापुरात काही शाळांच्या मैदानांवर तो खेळतात. बॅटवाल्याकडे चेंडू फेकतो तो पिचर, आणि आमच्या शाळेचा पिचर हा. मंद्रूपहून रोज एसटीने यायचा. ज्वारीवरची पाखरं हाकताना दगड मारून तयार झालेला हात. दगड पाखराजवळून जावा, पाखराला लागू नये, असा त्याचा नेम. मी विचारलं, "एकही लागला नाही?"

"एक लागला, बाई. त्या दिवशी जेवलो न्हाई."

मी त्याची गणिताची बाई. तेव्हा वय त्रेपन्न, आणि तोरा असा की फळ्यालासुद्धा माझी भीती वाटावी. खेळाच्या सरांना पिचरचे चेंडू मोजायला कुणीतरी हवं होतं. कोवळ्या वयात फार चेंडू टाकले तर कोपर कायमचं जातं, म्हणून सरांनी हद्द ठरवली होती. पंच्याऐंशी चेंडू झाले की पिचर खाली. मी आपणहून पुढे झाले. काळा गॉगल लावला, अंबाड्यावर टोपी चढवली. मोठ्या पातेल्यावर लहान झाकण ठेवावं तशी ती दिसायची. मला मात्र वाटायचं, सगळं मैदान माझ्याकडेच बघतंय.

मोजायची रीत माझी स्वतःची. मांडीवर दोन डबे. एक चेंडू पडला की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात.

पण क्रिकेट मला येत होतं ना, तीच पंचाईत. वाईड गेलेला चेंडू ओव्हरमध्ये धरत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून बॅटच्या आवाक्याबाहेर गेलेला एकही चेंडू मी मोजला नाही. ते चिंचोके जागचे हलले नाहीत. सरांनी एकदा विचारलंही, "बाई, जास्त वाटतायत हो." मी गॉगल खाली करून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. गणिताच्या बाईला पुन्हा विचारायची त्यांची छाती झाली नाही.

अंतिम सामन्यात तो शेवटपर्यंत टाकत राहिला. माझ्या डब्यात ऐंशी चिंचोके. कप मिळाला, आणि फोटोत मी कपापेक्षा पुढे उभी आहे.

पुढे तो राज्याच्या संघात गेला. खेळाच्या जोरावर सरकारी खात्यात चिकटला. तिशी ओलांडल्यावर आखातातल्या एका व्यावसायिक लीगने त्याला करार दिला, तोही सुरुवातीच्या पिचरचा. खात्याने बिनपगारी रजा दिली. जाताना पेढे घेऊन आला आणि माझ्याकडून शेंगाचटणीचा डबा घेऊन गेला.

त्याचा पहिला सामना नातीने मोबाइलवर लावून दिला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या चेंडूंचा आकडा होता. एक चेंडू बाहेर गेला आणि आकडा वाढला. मी नातीला म्हटलं, यांचं चुकतंय. पुन्हा बाहेर गेला, पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा वाढला तेव्हा मी शाळेतले ते न हललेले चिंचोके बोटांवर मोजायला लागले. नात विचारत राहिली, आजी, काय झालं?

दुसऱ्या हंगामात, भर सामन्यात, त्याने चेंडू टाकला आणि कोपर धरून तो तसाच उभा राहिला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, इजा जुनी आहे, शाळेच्या वयातली.

तो माझ्या घरी आला तेव्हा डाव्या हाताने चहा पीत होता. उजवा गळ्यात बांधलेला. मी त्याला सगळं सांगितलं. वाईड, चिंचोके, गॉगल. कप खाली ठेवून तो म्हणाला, "मला म्हाईत होतं, बाई. मी मनात मोजायचो. फायनलला एकशेतीसच्या फुडं गेलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"उतरवलं असतं की मला."

बांधलेल्या हाताकडे बघत मी विचारलं, "आता?"

"संपलं, बाई."

तो तेव्हा सोळाचा होता आणि मी त्रेपन्नची. ही वजाबाकी मला अजून सोडवता येत नाही.

करार संपला. वर्षभर त्याने आमच्याच मैदानावर मुलींना शिकवलं, डाव्या हाताने. गेल्या जूनमध्ये त्याच्या खात्याने त्याची दूर बदली केली. निरोप घ्यायला आला आणि दारातच म्हणाला, "पोरींचे चेंडू तुमीच मोजा." मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

म्हणून रोज संध्याकाळी मी मैदानावर असते. टोपी नाही, गॉगल नाही. प्लास्टिकची खुर्ची आणि दोन डबे. आत गेलेला, बाहेर गेलेला, प्रत्येक चेंडू मोजते. पिचरच्या उंचवट्यावर त्याचा पाय पडून पडून झालेला खळगा अजून आहे. आता तिथून टाकणाऱ्या मुलीचा पाय त्याच्या वीतभर अलीकडेच पडतो.

काल शेवटचा, पंच्याऐंशीवा चिंचोका पलीकडे गेला आणि मी हात वर केला. ती उतरेना. वाकून माती उचलली, बोटांवर चोळली, खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हाय की अजून, आजी."

"असू दे," मी म्हटलं. "उरलेला जोर घरी घेऊन जा."