तळ्याची ओटी

तीस वर्षं मी नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवला. उत्तर गोलार्धाच्या नकाशावर हिरव्या खडूने आडवा जाड पट्टा ओढायचा, त्यात निळे ठिपके टाकायचे आणि सांगायचं, ही सूचिपर्णी अरण्यं, ही त्यातली गोड्या पाण्याची सरोवरं. थंडी कडक, वस्ती विरळ, माणसाला फारसा उपयोग नाही. परीक्षेत पाच मार्कांचा हुकमी प्रश्न. त्यातल्याच एका ठिपक्यावर माझी मुलगी दर उन्हाळ्यात मजा करायला जाईल, आणि तिथलं लाकडी घर मिळावं म्हणून लोक वर्षभर आधी नंबर लावतात, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मुलगी कॅनडात असते. ती, जावई आणि माझी नऊ वर्षांची नात. "आई, यंदा तळ्यावर चल," हा धोशा तिने तीन वर्षं लावला होता आणि मी टाळत होते. पाण्याचं आणि माझं वाकडं आहे. मुलगी अकरा वर्षांची असताना माझ्या वर्गातला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या तलावात पोहायला गेला, तो परत आलाच नाही. ती बातमी ऐकून मी धरमपेठेतल्या घरी आले, पायातली चप्पलही काढली नाही, आणि मुलीचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. "म्हण, कमरेच्या वर पाण्यात कधी जाणार नाही. माझी शप्पथ आहे तुला." रडत रडत म्हणाली बिचारी. शपथ मोडली की जिची घेतली ती मरते, हे अकरा वर्षांच्या पोरीला समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर आम्ही फुटाळा तलावावर भुट्टा खायला गेलो तरी मी तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून असायची.

शेवटी मागच्या वर्षी गेले. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, घरात बसून तरी काय करणार होते? सहा तास गाडी चालली आणि दोन्ही बाजूंना नुसती झाडं. स्प्रूस, पाइन, मधेच पांढऱ्या खोडाचे भूर्ज. बाप्पा, किती झाडं! मग एकदम तळं. हिमनद्यांनी खडक खरवडून केलेले खळगे, त्यात साठलेलं पाणी, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल, पण ते पाणी चहाच्या रंगाचं असतं हे मला कुठे ठाऊक होतं? भोवतीच्या दलदलीतला पालापाचोळा मुरून तो रंग येतो. घरासमोर पाण्यात एक लाकडी धक्का होता. धक्क्याखाली खडक दिसायचा, चार पावलांवर तो संपायचा, आणि तिथून पुढे पाणी काळं.

बाकी सगळी चैन होती. लोक होड्या वल्हवत, गळ टाकून तास तास बसत, रात्रीचे दहा वाजले तरी उजेड. डास मात्र आपल्याकडच्यापेक्षा दांडगे. जावई आणि नात दिवसभर पाण्यात. नात डोक्याला लाल टोपी घालून अशी लांब जायची की मला फक्त एक लाल ठिपका दिसायचा, आणि मी देवाचं नाव घेत बसायची. मुलगी माझ्याजवळ धक्क्यावर, पाय पाण्यात सोडून. मला मनातून फार बरं वाटायचं. शहाणी गं माझी, अजून शब्द पाळते.

तरी धास्ती जाईना. मी परत नागपूरला जाणार, ही तिघं दरवर्षी इथे येणार. एखाद्या दिवशी तिचा पाय घसरला तर? म्हणून मी तळ्याची ओटी भरायचं ठरवलं. आपल्याकडे नदीची भरतात, मग तळ्याने काय पाप केलं? विधवेने ओटी भरावी की नाही हा एक प्रश्न होता, पण इतक्या लांब मला विचारायला कोण येतंय! धरमपेठेतून आणलेला लाल खण बॅगेत होता. नारळ मुलीच्या गावातल्या भारतीय किराणा दुकानातून आधीच घेतला होता. सकाळी सगळे झोपलेत असं समजून मी धक्क्यावर गेले, तांदूळ, सुपारी आणि नारळ खणात घट्ट बांधला, हळदकुंकू वाहिलं, "माझ्या लेकराला सांभाळ गं बाई" म्हटलं आणि दिला सोडून.

बुडाला नाही. नारळ तरंगतो, समुद्रातून वाहत जाऊन दूरच्या किनाऱ्यांवर रुजतो, हे मीच शिकवत होते की! पण तेव्हा कुठलं आठवायला? वारा सुटला होता. माझी ओटी हेलकावे खात पार काळ्या पाण्यावर गेली.

तेवढ्यात मागे दार आपटलं. नात आणि जावई पहाटेच घरामागच्या रानात बेरी तोडायला गेले होते, हे ना मला ठाऊक, ना मुलीला. तिला पोरीचं अंथरूण रिकामं दिसलं आणि खिडकीतून पाण्यावर लाल काहीतरी वरखाली होताना दिसलं. ती धावत आली, माझ्या शेजारून गेली आणि अंगातल्या कपड्यांनिशी तिने उडी मारली.

"अगं नारळ आहे तो! नारळ!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. तिला ऐकू कुठलं जातंय! मी फळ्यांवर खालीच बसले. गेली, माझी पोर गेली, एवढंच डोक्यात. आणि मग पाहते तर तिचा एक हात वर आला, मग दुसरा. मान वळली, श्वास घेतला, पुन्हा हात. सरळ रेषेत चालली होती माझी मुलगी. त्या लाल बोचक्यापाशी पोहोचली, हातात धरून पाहिलं आणि तिथेच जरा वेळ तरंगत राहिली. मग ते काखेत घेऊन परत आली.

धक्क्यावर चढली तेव्हा तिचे दात वाजत होते. माझ्या अंगावरची शाल मी तिच्याभोवती गुंडाळली.

"केव्हा शिकली वं?"

"तीन वर्षं झाली. पोरीला पोहता येते, मलेच नाही, असं कसं चालेल?"

"मग मला काहून नाही सांगितलं? आणि इतके दिवस धक्क्यावर बसून राहिली?"

"तुझी शप्पथ मोडली होती ना, आई." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "शनिवारी सकाळी क्लास असते. पाण्यातून बाहेर आली की ओल्या केसांनीच पहिले तुले फोन लावत होती. तू उचलला, की मग कपडे बदलायची."

दर शनिवारी आपल्याकडच्या संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळेला, तो फोन यायचा. "काय करून राहिली?" इतकंच विचारून दोन मिनिटांत ठेवून द्यायची. बोलायचं नसतं तर फोन कशाला करते, म्हणून मी कुरकुर करायची. एका शनिवारी मोबाइल घरी विसरून मी भाजी घ्यायला गेले, शेजारणीकडे चहाला थांबले. परत येऊन पाहिलं तर तिचे सतरा मिस्ड कॉल. वर मीच तिला झापलं होतं, इतका कसला जीव जातो तुझा म्हणून.

"आता तरी शप्पथ सुटली म्हण ना," ती म्हणाली. चाळिशीला टेकलेली बाई, लहानपणी म्हणायची तशीच म्हणाली.

"सुटली," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "सुटली गं राणी. सुटली, सुटली."