वेव्ह म्हणजे मौज

सकाळी पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सांधेवाला भुजंग चुडावा स्टेशनाच्या पूर्वेकडच्या सांध्यावर उभा होता. रूळ नीट बसला का, हे तो चौदा वर्षं पाय दाबून एकदा बघत आला होता. आज त्याने दोनदा बघितलं. ओठ सारखे हलत होते. "ग्रीन फ्लॅग, वेव्हड स्लोली, अप अँड डाऊन."

अकराच्या गाडीने इन्स्पेक्टर येणार होते. निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत गेली, त्याला तीन वर्षं होत आली. आता सांधेवाल्यालाही नियमाच्या पुस्तकातली इंग्रजी ओळ वाचून तिचा अर्थ सांगावा लागे. नापास झाला तर पुन्हा गँगवर, सेलूच्या पुढं कुठं तरी, खडी फोडायला. रेल्वेची राहती खोली जाणार. गावात भावाकडं मेंढरं होती, पण दुसऱ्या चुलीला जागा नव्हती.

ओळ त्याला पाठ होती. अडला होता तो 'वेव्ह'पाशी.

स्टेशनमास्तर किशनराव रेडिओला कान लावून म्हणत, "मीडियम वेव्ह धरत न्हाई आज." त्यांच्या वर्तमानपत्रात एकदा 'हीट वेव्ह' आली, तिला ते उष्णतेची लाट म्हणाले. आणि गाडीत बसलेल्या पाव्हण्याला हात हलवून निरोप द्यायचा, तेही वेव्ह. एकच शब्द रेडिओत, उन्हात आणि हातात कसा मावतो, हे भुजंगला कळेना. विचारावं तर मास्तर म्हणत, "सवडीनं सांगतो." ती सवड आठ दिवसांत आली नव्हती.

म्हणून त्याने ट्रंकेतून शाळेतली इंग्रजी-उर्दू डिक्शनरी काढली होती. चौथीपर्यंतच्या उर्दूवर अक्षर न् अक्षर लावून शब्द शोधला. वेव्हच्या पुढं लिहिलं होतं, मौज.

न्याहारीला बसल्यावरही तो भाकरी मोडून तशीच धरून होता.

"काय पुटपुटायलाय?" त्याच्या बायकोने, तानुबाईने विचारलं.

"वेव्ह. मौज म्हनं त्येला."

"मंग करा की मौज. भाकर गार व्हायलीय."

"हिरव्या झेंड्याची मौज कशी करावी?"

"लहरच आली म्हना तुमास्नी." तिने आमटी वाढली. "माह्या बापानं सांगितलं व्हतं, नाव भुजंग हाय, जपून ऱ्हा. सापाच्या इखाच्या लहरा दुसऱ्याला येत्यात. ह्यो आपला आपल्यालाच डसायलाय."

भुजंग हसला नाही. पाणी पिऊन तो परत स्टेशनात गेला, झेंडे झटकून पुन्हा गुंडाळले, आणि गाडीला अवकाश असताना दोनदा फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आला.

इन्स्पेक्टर पुण्याकडचे होते, टापटिपीचे. किशनरावांच्या टेबलाशी बसून त्यांनी पुस्तक पुढं सरकवलं. भुजंगने ओळ वाचली, एकही अक्षर न चुकता.

"अर्थ?"

"हिरवा झेंडा, साहेब. सावकाश. वर, खाली." तो थांबला. "मौज करायची."

किशनरावांनी तोंड खिडकीकडे वळवलं. इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला. "गाडी समोर असताना?"

"डिक्शनरीत हाय साहेब."

"उर्दूतली मौज म्हणजे लाट रे," किशनराव खालच्या आवाजात म्हणाले. "लाटंसारखं हलवणं."

भुजंगने कोपऱ्यातला हिरवा झेंडा घेतला, उलगडला आणि हात लांब करून सावकाश वर नेला, खाली आणला, पुन्हा वर. "ह्ये व्हय? पुढं रूळ कच्चा हाय, दमानं जा. मग तसं म्हना की. हे तर मी कितीदा केलंय. निस्ता धरला तर सगळं ठीक हाय."

"तुला येतं, ते दिसलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "पण उद्या कागद इंग्रजीत येईल. तेव्हा मी शेजारी नसेन, आणि मास्तरही कुणीकडे असतील. कागदावर वेव्ह असेल आणि तू झेंडा निस्ता धरलास तर?"

भुजंगने हात खाली घेतला. त्याने झेंडा गुंडाळला, पण गुंडाळी तिरकी झाली. ती सोडून त्याने पुन्हा गुंडाळली.

इन्स्पेक्टरांनी शेऱ्यात लिहिलं, एक महिन्याने फेरपरीक्षा. तोवर आहे त्याच कामावर, बदली माणूस उपलब्ध नाही. दुपारच्या गाडीने ते पूर्णेला गेले.

संध्याकाळी तारेवर इंग्रजीत हुकूम आला. किशनरावांनी तो उतरवून घेतला आणि वाचून न दाखवता भुजंगच्या हातात दिला. सगळा त्याला लागला नाही. मधला एक शब्द मात्र त्याने बोटाने दाबून धरला, आणि मोकळाच हात एकदा वर-खाली केला.

"बरोबर," किशनराव म्हणाले.

पुलाजवळ रूळ उचलायचं काम निघालं होतं. उद्या सकाळी पाच चाळीसच्या पॅसेंजरला चुडाव्यातून सुटताना हिरवा झेंडा निस्ता धरायचा नाही, सावकाश वर-खाली हलवायचा आहे. ड्यूटीवर भुजंग आहे.